वाटेतलं गाव

“जा रे, पुढे हो. आईला भेट. आम्ही येतो सावकाश,” फर्मिन म्हणाला आणि त्यानं पायडल मारणं सोडलं. त्याच्यामागे सगळा घोळकाच ढिला पडला.

शर्यतीच्या वाटेत कुणाचं गाव आलं की त्याला असं पुढे सोडायचं, ही सायकलवाल्यांची रीत. त्यानं दारात उतरावं, आईला मिठी मारावी, घोटभर वाइन प्यावी आणि मागून येणाऱ्यांत गपचूप मिसळून जावं. त्या संधीचा फायदा घेऊन पळायचं नाही. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण मोडलंही कुणी नव्हतं.

एलोय पुढे निघाला. नऊ वर्षं तो फर्मिनचा हमाल होता, दुसरा शब्दच नाही. फर्मिनला पाणी आणून द्यायचं, त्याचं चाक फुटलं की स्वतःचं काढून द्यायचं आणि तो जिंकला की टाळ्या वाजवायच्या. इकडे गावात आंधळी आई रोज रेडिओला कान लावून बसायची. पोरगा पहिला आला, एवढं एकदा ऐकू दे म्हणायची. ते कधी ऐकू आलं नाही. आणि पुढच्या वर्षी आपल्याला कुणी संघात घेत नाही, हे एलोयला कळून चुकलं होतं.

गव्हाच्या शेतांमागून त्याच्या गावाच्या, फ्रेस्नेदाच्या चर्चचा मनोरा दिसला. दारात खुर्ची टाकून आईला बसवलं होतं. काळी शाल आणि पुढे केलेले दोन हात. बहीण अंपारो ओरडली, “आई, आला गं, आला!”

एलोयनं मागे पाहिलं. रस्ता रिकामा. मूर्ख लेकाचे, खरंच मागे राहिले होते! ‘आई, आज ऐकशील,’ असं मनात म्हणत त्यानं मान खाली घातली आणि दारावरून सुसाट निघून गेला.

शर्यत जिथे संपायची त्या पालेन्सिया शहरात तो एकटाच शिरला. कुणीतरी हातात फुलं कोंबली. कर्ण्यावरून त्याचं नाव पुन्हा पुन्हा पुकारलं गेलं. एवढा बाप्या माणूस, पण ढसाढसा रडला.

घोळका फार उशिरा आला. एकानंही त्याच्याकडे पाहिलं नाही. फर्मिन मात्र सायकल ढकलत सरळ त्याच्यापाशी आला.

“घाल शिव्या,” एलोय म्हणाला. “काय वाटेल ते बोल. पण माझ्या आईनं ऐकलं असेल आज.”

“नाही ऐकलं. हात तसेच पुढे धरून बसली होती म्हातारी. बघवेना, म्हणून मी उतरलो. तिनं माझं तोंड चाचपलं, खांद्यावर गुंडाळलेलं जादा टायर चाचपलं. म्हणाली, ‘एलोय, थांबलास रे बाळा!’ मी म्हटलं, ‘हो, आई.’”

एलोयनं हातातली फुलं खाली ठेवली.

“अंपारोनं तेव्हाच रेडिओ बंद केला,” फर्मिन म्हणाला. “आता जिंकलास हे तिला जन्मात सांगू नकोस.”