दाराबाहेरच्या चप्पला

उन्हाळी धान घरी आलं आणि एकोडीचे गोमाजी बायकोला नागपूर दाखवायला निघाले. "एकदाच नेतो, डोये भरून पाहून घे," त्यांनी बेबीबाईला बजावलं. तिथं मेट्रो समोर थांबली. आतली लखलखीत फरशी बघून बेबीबाईनं सारवलेल्या ओसरीवर चढावं तशा चप्पला दाराबाहेर काढल्या आणि ती आत शिरली. दार मिटलं. "अजी, माह्या चप्पला!" सगळा डबा हसला. गोमाजींनी कपाळावर हात मारला, पण उतरल्यावर स्वतःच्या चप्पला तिच्यापुढं सरकवल्या. मग तापल्या डांबरावर उड्या मारत गोमाजी आणि भल्यामोठ्या चप्पला फटफट वाजवत बेबीबाई, असं नागपूर पाहून झालं. संध्याकाळी त्याच स्टेशनात तिच्या चप्पला खांबाशी दिसल्या. गोमाजी उचलायला धावले. बेबीबाईनं पायातल्या काढून त्यांच्यापुढं ठेवल्या. "तुमच्या घाला जी. माह्या राहू द्या, न्यायले पुन्हा या लागन!"