खालून पहिलं बटण

“मी येणार नाही,” तो म्हणाला आणि खाटेवर बसून राहिला. सदरा उघडाच. “ज्या कारखान्यानं हात खाल्ला, त्याच्याच फाटकावर उभा राहून सगळ्यांना तोंड दाखवू?”

“तोंड शाबूत आहे की. हातच गेलाय,” बायको म्हणाली. “नऊला बोलावलंय साहेबांनी, पहारेकऱ्याच्या कामाला. पुन्हा नाही बोलावणार.”

तो ढिम्म हलेना. तिचे पाय भरून आले होते. दोन वर्षं ती एकटीच त्या खेळण्यांच्या कारखान्यात खोकी भरत होती. एक प्लॅस्टिकचा शिपाई, एक चित्रांचं पुस्तक, झाकण बंद. ती मटकन शेजारी टेकली आणि पिशवीतून त्या पुस्तकाचा नवा अंक काढून त्याच्या मांडीवर टाकला.

“हे तरी वाचून दाखवा. मला अक्षरं जुळवत बसायला वेळ नाही. पोरं रडतात म्हणे वाचून. खेळणं खपावं म्हणून काढलेलं पुस्तक, त्यात मेलं रडण्यासारखं काय असणार? हाणामारीच ना?”

त्यानं अंगठ्यानं पान उलटलं. हाणामारी नव्हतीच. लढाई संपली होती आणि शिपाई एका हातानिशी घरी आला होता. पुढचं अख्खं पान, नऊ चित्रं, तो नुसता सदऱ्याची बटणं लावत होता. अक्षर एक नाही. शेवटच्या चित्रात दोन बटणं उरली होती.

“एवढंच?” ती म्हणाली. “हे भरून भरून माझी कंबर मोडली?”

त्यानं पहिल्या चित्रावर बोट ठेवलं.

“चुकलाय हा,” तो म्हणाला. “वरून सुरू केलंय. सदरा हलत राहतो मग. खालचं टोक मांडीखाली दाबायचं आणि खालून लावत यायचं.”

तिनं मान वळवली. रोज सकाळी ती बटणं लावून जायची, संध्याकाळी येऊन काढायची. मधला सगळा दिवस घरात तो एकटा.

“येतं तुम्हाला!” ती कडाडली. “कधीपासून?”

“झालं वर्ष.”

“आणि मी रोज सकाळी इथं वाकून वाकून…”

“बटणं लावताना तू बोलत नाहीस,” तो म्हणाला. “तेवढाच वेळ.”

तोंडावर आलेलं सणसणीत उत्तर तिनं गिळलं. उठली, चपला घातल्या, आणि त्याची बटणं लावून होईपर्यंत दारात त्याच्याकडे पाठ करून, चकार शब्द न काढता उभी राहिली.