सोपी वही

निवृत्तीचं वय उलटून चार वर्षं झाली, तरी काका कॉम्प्युटरसमोरच होते. साहेबांचं एकच पालुपद, "कंपनीचा सगळा प्रोग्राम ज्या भाषेत आहे, ती कुणाला तरी शिकवा आणि खुशाल जा." पहिल्या पोराला काकांनी जाडजूड मॅन्युअल दिलं, तर तो आठवड्यात गाशा गुंडाळून पसार. दुसऱ्यासाठी व्हिडिओ केले, तो तिसऱ्या व्हिडिओलाच घोरायला लागला. आता ही नवी मुलगी. तिच्यासाठी काकांनी महिनाभर खपून, बालवाडीसारखी चित्रंबित्रं काढून एक पातळशी वही लिहिली होती.

दोन दिवसांनी ती कपाळाला हात लावून समोर बसली.

"काका, डोक्यावरून जातंय सगळं. आणि नेटवर या भाषेबद्दल एक ओळ सापडत नाही. निदान एखादं पुस्तक तरी सांगा ना."

"पुस्तक नाही गं. ही भाषा फक्त याच ऑफिसात चालते."

"काय ताप आहे! कुणी बनवली हो असली भाषा?"

काकांनी वही मिटली.

"मीच. माझ्यावाचून इथलं पान हलू नये, असं वाटायचं तेव्हा."