स्वेटरची बाही

आमच्या ह्यांनी जन्मभर सिनेमात दरवान केले, कंपाउंडर केले, पहिल्या पाच मिनिटांत मरणारे काका केले. म्हातारपणी एकदाचा मालिकेत नायिकेचा बाप मिळाला. कपडे ज्याचे त्याने घरून आणायचे, म्हणून हे मी विणलेला निळा स्वेटर घालून गेले. आज टीव्हीवर बघते तर पडद्यावरची बायको त्याच स्वेटरची बटणं लावत म्हणतेय, "मीच विणलाय हो, बसतोय ना नीट?" आणि आमचे हे लाजले. लग्नातसुद्धा लाजले नव्हते. मी खुंटीवरचा स्वेटर ओढला आणि बाही उसवायला बसले. "अगं, उद्याचा सीन ह्याच स्वेटरवर आहे. काम जाईल माझं." "मग घ्या तिच्याकडून विणून." "तिला साधा टाका घालता येत नाही." जिवाला गार वाटलं. सुया हातात घेऊन म्हटलं, "बाही करून देते. पण बटणं निघताना घरीच लावून घ्यायची, माझ्याकडून."