तीन मजले खाली

लिफ्टच्या दारासमोर पिवळा फलक उभा होता. ‘बंद आहे.’ लट्रीस ओगल्सबी त्याच्याकडे बघतच राहिली. तासाभरापूर्वी ती याच लिफ्टने वर आली होती आणि तेव्हा लिफ्टची काही तक्रार नव्हती.

“बघ ना, हिला आजच बंद पडायचं होतं,” संघाचा व्यवस्थापक क्रेग हेवरकँप म्हणाला. मग तो पाहुण्यांकडे वळला. “नेव्हजात, जिन्याने चालेल ना? तीनच मजले आहेत.”

“मला जिनेच आवडतात,” नेव्हजात म्हणाले. इस्तंबूलच्या बास्केटबॉल क्लबसाठी खेळाडू निवडायला आलेले हे सत्तरीचे, नीटनेटके गृहस्थ.

त्यांना जिने का आवडतात ते लट्रीसला ठाऊक होतं. सकाळी गुडघ्याला पट्टी बांधताना संघाची फिजिओ मार्लो डिनीन हिने सगळं सांगितलं होतं. हा म्हातारा उड्या बघत नाही. उडी काय, इंजेक्शन घेऊन कोणीही मारतं. हा खेळाडूला जिना उतरायला लावतो आणि खाली उभा राहून बघतो. उतरताना काही लपत नाही. “पण तू कशाला घाबरतेस? आपल्याकडे लिफ्ट आहे,” मार्लो म्हणाली होती. लट्रीसच्या उजव्या गुडघ्यातली कूर्चा झिजून गेली आहे हे त्या दोघींशिवाय कोणाला माहीत नव्हतं. मार्लोने वरपर्यंत कळवलंच नव्हतं. इतक्या वर्षांची मैत्रीण, एवढं तर करणारच.

अमेरिकेतल्या लीगने प्रत्येक संघाच्या पगारांना मर्यादा घातली होती. साऱ्या खेळाडूंना मिळून एवढेच द्यायचे, वर एक डॉलर नाही. क्रेगने त्यातला मोठा घास कॉलेजातून गाजत आलेल्या एका पोरीला भरवला होता. मिलवॉकीच्या या संघासाठी नऊ वर्षं हाडं झिजवलेल्या लट्रीसला ताटातलं खरवडून जे निघालं ते. माझे हात बांधलेत, असं तो म्हणाला होता आणि ते खोटंही नव्हतं. इस्तंबूलवाल्यांचे हात मात्र कोणी बांधले नव्हते. ते चौपट देत होते. तारखा आडव्या येत असल्यामुळे दोन्हीकडे खेळणं जमणार नव्हतं. तिकडे दोन मोसम काढले की गुडघ्याला कायमची सुट्टी देता आली असती. इथल्या पगारात अजून पाच-सहा मोसम धावावं लागणार होतं आणि तेवढं त्या गुडघ्यात उरलं नव्हतं.

तिने हे सांगितलं तेव्हा क्रेग इतका समजूतदार निघाला की तिलाच लाज वाटली. जातेस तर जा, म्हणाला, भेट आपल्याच इमारतीत ठेव, कॉफी माझ्याकडून. आणि वर त्याच्या खोलीत बोलणी छान झाली होती. नेव्हजातांनी तिला मिळणाऱ्या घराचं वर्णनसुद्धा केलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्र दिसतो, सकाळी खाली मासेवाला ओरडत जातो.

“मी पुढे होतो,” नेव्हजात म्हणाले. “म्हातारा माणूस, मला वेळ लागेल.” आणि तरण्या माणसासारखे भराभर उतरून गेले. क्रेग वरच थांबला.

लट्रीसने दोन्ही हात खिशात कोंबले. बाहेर राहिले असते तर कठड्याकडे गेले असते.

पहिला मजला ती बोलत बोलत उतरली. तिकडचा चहा फार कडक असतो म्हणे, असं काहीतरी विचारलं. वळणावर थांबलेले नेव्हजात हसले आणि पुन्हा पुढे गेले. दुसऱ्या मजल्यावर तिच्या कपाळाला घाम फुटला. ती थंडीबद्दल काहीतरी बोलली, पण नेव्हजात तोवर खाली पोचले होते.

शेवटच्या जिन्याच्या तोंडाशी ती आली तेव्हा ते तळाशी उभे होते. त्यांनी चष्मा लावला होता. ते तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हते. तिला भीती वाटली. हजारोंच्या गर्दीसमोर शेवटची फेक टाकतानाही कधी वाटली नव्हती इतकी.

ती सरळ उतरू लागली. एक पायरी, आणखी एक. हात खिशातच होते. शेवटच्या काही पायऱ्या उरल्या आणि गुडघा आतल्या आत सरकला. तिला कळायच्या आत हात बाहेर आला होता आणि त्याने कठडा घट्ट धरला होता. उरलेल्या पायऱ्या ती आडवी होऊन, पायाला पाय लावत उतरली, लहान मूल उतरतं तशी.

नेव्हजातांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

“तुम्हाला मुलींना खेळ शिकवायला आवडेल का कधी?” त्यांनी विचारलं. आवाजात खरोखर माया होती. “धीर आहे तुमच्यात. चांगल्या शिकवाल.”

त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला, दाबला आणि ते टॅक्सीकडे निघून गेले. समुद्राच्या खिडकीबद्दल काही बोलले नाहीत.

ती जिन्याच्या तळाशी तशीच उभी राहिली. मग मागे लिफ्टची घंटी वाजली. दार उघडलं. आत क्रेग होता. हातावर तिचा कोट नीट घडी करून घेतला होता.

“कोट वरच विसरलीस,” तो म्हणाला.

त्याने पाय पुढे करून लिफ्टचं दार अडवून धरलं. त्याला अजिबात घाई नव्हती.

“चल, वर जाऊन आपल्या करारावर सही करून टाकू. लिफ्टनेच जाऊ. तुझ्या उजव्या गुडघ्याला उगाच त्रास नको.”