खाडा

सात रस्ता चौकातल्या त्या ऑफिसात आफरीनचं काम एकच होतं. नोकरी-धंद्याच्या साइटवर तिच्याच नावाचं, तिच्याच फोटोचं खातं होतं, आणि त्यातून अनोळखी साहेबलोकांना ओळखीच्या विनंत्या पाठवणारं सॉफ्टवेअर तिनं सांभाळायचं.

"साइटनं खातं बंद करता कामा नये," सरांनी बजावलं होतं. "माणूसच बसलाय असं वाटलं पाहिजे."

म्हणून तिनं दिवसाला वीसच विनंत्या लावल्या. मधे मधे दम खायला वेळ दिला, जेवणाची सुट्टी दिली, रविवार दिला. तरी सरांना धाकधूक.

"दोन महिन्यांत एक खाडा नाही. माणूस कुठं एवढा राबतो? गुरुवार-शुक्रवार रजा टाक की त्याला."

रजा टाकून झाल्यावर ती चाचरत म्हणाली, "सर, शुक्रवारी मैंदर्गीला धाकट्या बहिणीची मंगनी आहे. मी पण..."

"आणि हितं कोण बसणार? मधेच ते आपोआप चालू झालं म्हणजे?"

शुक्रवारी अम्मीचे फोनवर फोन येत राहिले. आफरीन ऑफिसात एकटीच बसून, आफरीनची रजा मोडत नाही ना, यावर लक्ष ठेवून होती.