मापाला उभी

धुकं एवढं होतं की हायवे दिसतच नव्हता. ट्रक नुसते ऐकू यायचे, एकदम समोर उगवायचे आणि लगेच विरघळून जायचे. रस्त्याकडेच्या आपल्या जमिनीच्या एवढ्याशा तुकड्यात टेलर आणि त्याची बायको चुन्याची फक्की घेऊन उभे होते. मोजणीदार दगडावर बसून फॉर्म भरत होता.

"निवासी की व्यापारी? निवासी केलंत तर दुकान विसरायचं, व्यापारी केलंत तर इथं पथारी टाकायची नाही. आणि एकदा खूण केली की ब्रह्मदेव आला तरी बदलणार नाही."

"व्यापारी," टेलर म्हणाला. "हायवेला घर कोण बांधतं? गावातलं दुकान भाड्याचं, अन् गिऱ्हाईक सगळं या रस्त्यानं पळतंय."

बत्तीस वर्षं त्याची बायको त्या भाड्याच्या दुकानात पडद्यामागे राहिली होती. पलीकडे गिऱ्हाईक असलं की खोकलासुद्धा गिळायचा. तिला घर हवं होतं, नुसतं घर, बाही घट्ट झाली म्हणून कुणी येणार नाही असं. वर्षभर सांगून सांगून तिचा घसा बसला होता.

"दुकान कसं बसतंय ते आधी आखून बघू." टेलरनं फक्कीची मूठ भरली आणि अडला. जन्माची खोड! माणूस समोर असल्याशिवाय त्याला रेघ ओढता यायची नाही. खिशात टेप असून उपयोग शून्य.

"जरा उभी राहा गं मापाला. हात पसर."

तिनं पसरले. बोटांच्या टोकापासून टोकापर्यंत त्यानं रेघ ओढली. हे काउंटर. मग ती वळली, वाकली, चार पावलं चालली, आणि तो मागोमाग फक्की सोडत गेला, वर कडेनं दोन बोटं जास्त.

"अहो, भिंतीला शिलाई कशाला सोडताय?"

"पुढंमागं सैल करावी लागली तर?"

ती हसली, आणि हसता हसता तिनं डोळे मिटले. त्यानंतर त्याला काही सांगावंच लागलं नाही. तिनं हात उंच करून फळीवरचं काहीतरी काढलं. पुढं जाऊन एक खिडकी ढकलली, मिटल्या डोळ्यांनीच जरा वेळ बाहेर बघत राहिली. मग ओल्या गवतावर खुशाल आडवी झाली आणि पाय लांब केले. तिला असं झोपलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. पडद्यामागे तेवढी जागाच नव्हती. तो तिच्या पावलांपलीकडून रेघ ओढून आला.

मोजणीदार उठून सगळीकडून एक चक्कर मारून आला.

"मालक, यात दुकान कुठंय?"

टेलरनं पाहिलं. स्वयंपाकघर होतं, खिडकी होती, झोपायची खोली होती. गिऱ्हाईक उभं राहील एवढीही जागा कुठं नव्हती.

"चुकलं तर पुसा अन् पुन्हा आखा. थांबतो मी."

बायको उठून बसली, पण डोळे काही उघडेना.

टेलरनं हातावरची फक्की झटकली.

"पुसायचं कशाला, साहेब? माप जिचं घेतलं, कपडा तिचाच. लिहा निवासी."